मीटरवरचा लाल ठिपका

(काळोख. मीटरचा बॉक्स. एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि विझतो.)

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की दहा मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही. दिवे बंद, पंखे बंद, टीव्ही बंद, फ्रिजचं बटणसुद्धा तेवढ्यापुरतं बंद केलंय. आणि तरी मीटर चालूच आहे. हा बघा, लाल ठिपका. थांबा, परत येईल... आला. मोबाईलवर सेकंद मोजले, २८ आले, परत मोजले तरी २८च. म्हणजे सगळं बंद असताना घरात कुणीतरी वीज खातंय आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ताच नाही.

बिल आलं की आपण काय करतो? आकडा बघतो, जरा चडफडतो, भरतो आणि पुढच्या महिन्यापर्यंत विसरून जातो. बिल जे सांगतं ते झालेलं सांगतं, आता या क्षणाला कुठे काय चाललंय ते फक्त हा ठिपका सांगतो. मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, कुठे ३२००, कुठे १६००, कुठे १०००. माझ्याकडे ३२०० आहे, म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आणि एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालवणं, बस एवढंच. यातून एक सोपा हिशोब निघतो, दोन ठिपक्यांमध्ये जेवढे सेकंद गेले त्याने ११२५ ला भागायचं, येईल तेवढे वॅट त्या वेळी घरात चालू आहेत. मीटरवर १६०० लिहिलं असेल तर २२५० ला भागा, १००० असेल तर ३६०० ला. माझे २८ सेकंद, म्हणजे जवळपास ४० वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण हे ४० वॅट दिवसरात्र, बाराही महिने चालू आहेत, वर्षाचे ३५० युनिट होतात.

(टीव्हीच्या मागची बाजू. धूळ, वायरींचा गुंता. एक हात पुढे येतो.)

मग शोधायचं कसं? मी सरळ हात लावत फिरलो, आणि खरं सांगतो, यापेक्षा चांगलं यंत्र नाही. टीव्ही बंद, सेट टॉप बॉक्सपण रिमोटने बंद केलेला, आणि बॉक्सवर तळहात ठेवला तर कोमट. बंद वस्तू कोमट कशी असेल? ती बंद नव्हतीच, फक्त समोरचा दिवा हिरव्याचा लाल झाला होता. प्लग काढला आणि परत ठिपके मोजले, १६ वॅट एकट्या त्या डब्याचे. त्याच्या शेजारी जुना स्पीकरचा ॲम्प्लिफायर, महिन्यातून दोनदा वापरतो, तो ८ वॅट. प्रिंटर ४, टीव्ही स्वतः २. उरलेले १० इंटरनेटच्या राऊटरचे आणि त्याच्या जोडीच्या डब्याचे, ते चालू ठेवावे लागतात म्हणून ठेवले.

या गोष्टीवर जगाचं लक्ष नाही असं नाहीये. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने म्हटलं होतं की स्टँडबायवर, म्हणजे बंद दिसत असून प्लगला जोडलेली असताना, कुठल्याही वस्तूने १ वॅटपेक्षा जास्त खाऊ नये, आणि युरोपात २०१३ पासून बऱ्याच घरगुती वस्तूंना अर्ध्या वॅटची मर्यादा आली. पण घरात जुन्या वस्तू असतात, आणि सतत नेटवर्कला जोडलेल्या डब्यांचं गणित वेगळंच असतं, त्यामुळे आपला हात लावून बघणं चुकत नाही.

आता मोबाईलच्या चार्जरबद्दल बोलतो, कारण त्यावरून घराघरात बोलणी बसतात. रोज मोबाईल पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला साधारण ७ युनिट लागतात. सात! चार्जर काढून ठेवा, चांगली सवय आहे, पण तेवढं करून आपण वीज वाचवली असं समाधान मानून बसलात तर खरा चोर मोकळाच राहतो.

(बाथरूम. गीझरचा दिवा पेटतो. लगेच मीटर दिसतं, ठिपका भराभर लुकलुकतोय.)

हा तो चोर. गीझर लावला आणि मीटरकडे बघा, सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतंय, मोजतासुद्धा येत नाही. २००० वॅट. पाण्यासारखी उष्णता पिणारी वस्तू घरात दुसरी नाही, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतातच, गीझर कितीही भारी घ्या, यातून सुटका नाही. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४२ वर न्यायचं तर ०.४ युनिट. तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा ४४ तास जळतो. हे मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसलो होतो, कारण इतकी वर्षं मी मुलांना रिकाम्या खोलीतल्या दिव्यावरून बोलत होतो आणि स्वतः शॉवरखाली पंधरा मिनिटं उभा राहत होतो. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी गेलं तर १५ मिनिटांत १३५ लिटर होतं. करा गुणाकार.

वडीलधाऱ्यांची दिव्याची कटकट चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या वेळी साठचा बल्ब होता, त्यातली जेमतेम ५ टक्के वीज उजेडात जायची, बाकी सगळी उष्णता, म्हणून तर बल्ब बदलताना फडकं घ्यावं लागायचं. मग निळा एलईडी आला, त्यातून पांढरा उजेड करता आला, आणि त्या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिव्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटला, गरम पाण्याचा तसा सुटणार नाही. तिथे दोनच गोष्टी हातात आहेत, पाणी कमी तापवा आणि कमी पाणी तापवा. गीझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतली उष्णता हळूहळू बाहेर जाते आणि तो मधेमधे परत तापवत बसतो, म्हणून लागेल तेव्हाच लावायचा. वॉशिंग मशीनचं पण हेच, गरम पाण्याचा प्रोग्राम लावला की ड्रम फिरवायला लागणारी वीज थोडी आणि पाणी तापवायला लागणारी खूप, रोजचे साधे कपडे गार पाण्यात निघतात.

(पातेलं. पाणी खळखळ उकळतंय, वाफ वर जातेय.)

स्वयंपाकघरात मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती हे चित्र बघून. पाण्याला उकळी फुटली, आता आच कितीही मोठी करा, पाणी १०० अंशांच्या वर जाणार नाही, उंचावर राहत असाल तर त्याच्याही आधीच थांबेल. मोठ्या आचेने शिजायचा वेग वाढत नाही, नुसती वाफ वाढते. आणि वाफ महाग असते, एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट उष्णता तेच लिटर आटवायला लागते. म्हणून उकळी आली की आच बारीक करायची आणि वर झाकण ठेवायचं. कुकर याच्याही पुढे जातो, वाफ कोंडून तो आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास नेतो, १६७९ मध्ये डेनिस पापाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेच करून दाखवलं होतं. पण कुकरलासुद्धा एकदा पूर्ण प्रेशर आलं की मोठ्या आचेची गरज नसते.

फ्रिज. दारात कागदाचा कपटा धरा, दार लावा आणि कागद ओढा, सहज निघाला तर तिथलं रबर ढिलं पडलंय आणि गार हवा तिथूनच जातेय. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कधीकधी नुसत्या चिकट मळामुळे ते नीट बसत नाही. मागे भिंतीला टेकवलेला असेल तर जरा पुढे ओढा, आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला मोकळी हवा लागते. गरम भांडं तसंच आत ठेवू नका, थोडं निवलं की ठेवा, पण तासन् तास बाहेर विसरूही नका.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम उडवून आपल्याला गार करतो, त्यामुळे रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा कुणालाच उपयोग नाही. साधा पंखा साधारण ७५ वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास, जो सगळ्यात जास्त तास चालतो तोच आधी बदला. एसी लावायचाच असेल तर सोबत पंखा लावा म्हणजे आकडा दोनतीन अंश वर ठेवता येतो, फिल्टर धुवा, आणि ऊन काचेच्या आत यायच्या आधी बाहेरच अडवा, कारण आत आल्यावर पडदा ओढला तरी बरीचशी उष्णता खोलीतच राहते.

(परत काळोख. मीटर.)

तर परत इथेच आलोय. टीव्हीच्या मागे आता बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड बसवलाय, झोपायच्या आधी एक बटण दाबलं की सगळं खरोखर बंद. ३० वॅट कमी झाले, वर्षाचे २६० च्या वर युनिट. फ्रिज पाच मिनिटांसाठी बंद केलाय, घरच्यांना परत तेच सांगितलंय, कुणी कशाला हात लावू नका. धाकटी मात्र आज झोपलेली नाही, माझ्या शेजारी उभी राहून मोठ्याने मोजतेय. २८ गेले. ५० गेले. ती विचारतेय, बाबा बिघडला का? नाही गं, मोज. ९०. १००. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे बारा...

(ठिपका लुकलुकतो.)