बाहुलीची लाल जीभ

कौलांवरचा हा अँटेना आता कुणी फिरवत नाही. पूर्वी एक जण वर चढायचा, आणि खालून ओरड यायची, “नाय रे, अजून मुंग्येच!” चित्र आलं की पोरं टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. पुण्यात 1984 साली सुरू झालेली बालचित्रवाणी अशी घरोघर शाळा भरवत असे. 2006 मध्ये ‘गली गली सिम सिम’ हा बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम आला, शाळेच्या गणवेशातली चमकी नावाची बाहुली आली. भाषा हिंदी, पण अक्षरं आपलीच.

या बाहुल्यांचं मूळ अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये, 1969 सालचं. कार्यक्रम दाखवण्याआधी तो मुलांवर तपासून पाहिला होता. टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर चित्रं बदलत ठेवायची आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हटते ते टिपायचं. कार्यक्रमातल्या रस्त्यावर नुसती माणसं बोलू लागली की नजर हटायची. बाहुल्या आल्या की परत यायची. म्हणून बिग बर्ड हा बाहुली-पक्षी थेट माणसांमध्ये आणला.

आता बाहुलीत घातलेला हा हात बघा. अंगठा म्हणजे बाहुलीचा खालचा जबडा. शब्द उच्चारताना डोकं वर उडवायचं नाही, अंगठा खाली न्यायचा. ‘का’ला एकदा, ‘काका’ला दोनदा. मूल ऐकतं, तोंड बघतं आणि शेजारचं अक्षरही बघतं.

कोकणाला बाहुली नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोऱ्यांवर नाचत रामायण सांगणाऱ्या या बाहुल्या जिथे आहेत, तिथल्या प्रत्येक अंगणवाडीत वाचायला शिकवणारी एक बाहुली असायलाच हवी.

बालचित्रवाणी 2017 मध्ये बंद झाली. मुलं मोबाइलकडे वळली.

या शाळेतल्या बाईंनी मात्र मोज्याची बाहुली शिवली आहे. दोन बटणांचे डोळे, पुठ्ठ्याचा जबडा आणि आत लाल कापडाची लांब जीभ. जीभ मुद्दाम लावली, ‘ळ’साठी. हिंदी मुळाक्षरांत तो नसतो, त्यामुळे टीव्हीवरच्या चमकीकडून तो शिकायला मिळाला नाही. इथे तर नारळ, केळी, कुळीथ, सगळीकडे तोच! बाई बोटाने कापडी जीभ मागे वळवून टाळूला टेकवतात आणि झटकन सोडतात. अख्खा वर्ग जिभा वळवतो.

“बाई, माका द्या!” मागच्या बाकावरचा मुलगा बाहुलीत हात घालतो. ती त्याला मोठी होते, जबडा उशिरा उघडतो. पण फळ्यावरचं ‘कुडाळ’ तो बाहुलीकडून वाचून घेतो. बाई त्याखाली पुढचा शब्द लिहितात: मासळी.