ऑक्टोबरात ठमी पिसं का टाकते, आणि एप्रिलमध्ये आ वासून का बसते

ही ठमी. पुण्यात धायरीतल्या एका आजींच्या बंगल्यामागच्या अंगणात राहते, वय दोन वर्षं, जात आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, एरवी चांगली तांबडी तगडी कोंबडी, पण आत्ता स्क्रीनवर दिसतेय ती बघून कुणालाही वाटेल की हिला रात्री बोक्यानं धरलं होतं. शेपटी जवळपास गायब, मान अर्धी बोडकी, खुराड्यात जिकडे तिकडे पिसंच पिसं. शेजारच्या काकूंनी तर निकाल पण देऊन टाकला, "अगं ही काही आता टिकत नाही, रविवारच्या आत काय ते बघून घ्या."

तर काकूंची माफी मागून सांगतो, ठमी एकदम ठणठणीत आहे. ती पिसं टाकतेय, मोल्टिंग म्हणतात ते. जुनी झिजलेली पिसं गळतात, नवीन येतात, साधारण वर्षातून एकदा, आणि पहिलं मोठं मोल्टिंग कोंबडी सोळा-अठरा महिन्यांची झाली की होतं. ऑक्टोबरातच का, तर दिवस लहान व्हायला लागतो म्हणून. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास असतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास येतो, आणि हा फरक कोंबडीला बरोब्बर कळतो, नुसत्या डोळ्यांनी नाही बरं का, कवटीतून मेंदूपर्यंत थोडा उजेड पोचतो त्यावरूनही. आता दोन-सव्वादोन तास म्हणजे काही फार मोठा फरक नाही, थंड देशांत तो कितीतरी जास्त असतो, म्हणून आपल्याकडे सगळ्या कोंबड्या एकदम पिसं टाकतील असं नसतं. एखादी ऑगस्टमध्येच सुरू करते, एखादी डिसेंबर आला तरी ढिम्म.

झडायचा क्रम मात्र बऱ्यापैकी ठरलेला. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, मग पंख, शेवटी शेपटी. (ठमीनं शेपटी जरा लवकरच उरकली, पण अशा कोंबड्या असतात.) आणि खात्री करायची असेल तर हे बघा, क्लोजअपमध्ये, जिथून पीस गळलंय तिथे कातडीतून बारीक टोकदार नळ्या वर आल्यात, साळिंदरासारख्या. ही नवीन पिसं. या नळीत रक्त असतं, दाबली की कोंबडीला दुखतं, म्हणून एरवी मांडीवर येऊन बसणारी ठमी सध्या कुणाला हात लावू देत नाही आणि घरातल्या नातवाला वाटतंय की ती त्याच्यावर रुसलीय. नळी मोडलीच तर रक्त बरंच येतं, कापसानं दाबून धरायचं आणि थांबेपर्यंत तिला बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचा मारत बसतात.

या नळ्या दिसल्या नाहीत तर मग विचार करावा लागतो. फक्त पाठीवरचीच पिसं गेली असतील तर बहुतेक कोंबड्याचे उद्योग. फक्त पोटाखालची गेली आणि बाई घरट्यातून उठत नाही, जवळ गेलं की फुगते, तर ती खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. आणि शेपटीखाली, शी करायच्या जागेभोवती पिसांच्या मुळाशी पांढरे गुच्छ चिकटलेले दिसले तर ती उवांची अंडी आहेत, त्याला औषध लागतं. मोल्टिंगमध्ये पिसं दोन्ही बाजूंनी साधारण सारखी जातात, तुरा फिका पडून आकसतो, अंडी बंद होतात, पण कोंबडी खाते, चालते, माती उकरते, भांडते. हे सगळं आठ ते बारा आठवडे चालतं, कधी त्याहून जास्त. दिसायला भयानक, पण जिवाला धोका नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो दिसायला अगदी किरकोळ असतो, म्हणून तर हा व्हिडिओ.

हे फुटेज एप्रिलमधलं आहे. तीच ठमी, पिसं एकदम झकास, तुरा लालभडक, फोटो काढावा अशी. फक्त चोच उघडी आहे. पंख अंगापासून थोडे लांब धरलेत, आणि गळ्याखालची कातडी भराभर थडथडतेय. लोक म्हणतात अय्या बघ कशी हसतेय! हसत नाहीये हो ती, तिला उकडतंय. कोंबडीला घाम येत नाही, घर्मग्रंथीच नाहीत, आणि अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर. उष्णता बाहेर टाकायचे रस्ते मोजकेच, तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, पाय, पंखाखालची उघडी जागा, आणि शेवटी धापा. तिला बरं वाटतं ते १८ ते २४ अंशांत. तिशीच्या पुढे खाणं कमी होतं, पस्तिशीनंतर लक्ष ठेवावं लागतं, चाळिशीला जिवावरचा खेळ. आणि आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरला पारा ४३ च्या आसपास गेला होता, तोही वेधशाळेतल्या सावलीतला आकडा, पत्र्याखालच्या खुराड्यात काय होत असेल ते सांगायला नको.

धापांमुळे अजून एक गंमत होते, म्हणजे गंमत कसली, नुकसानच. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि अंड्याचं कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यातला कार्बोनेट तिथूनच यायचा असतो. म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची, हातात घेतली की फुटणारी. दुकानातून कॅल्शियम आणून कितीही घाला, खुराडं थंड केल्याशिवाय फारसा फरक पडत नाही.

पळापळ केल्यावर दोन मिनिटं धापा टाकल्या तर सोडून द्या. पण सावलीत बसूनही चोच मिटत नाही, डोळे अर्धे बंद, तुरा फिकट किंवा निळसर, उठताना तोल जातोय, मान टाकलीय, असं दिसलं की पुढचा एक तास महत्त्वाचा. सावलीत न्या, पंखा लावा, टबात साधं गार पाणी घेऊन पाय आणि पोटाखालचा भाग भिजवा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्या धक्क्यानंच मरू शकते. ओआरएसचं पाणी समोर ठेवा, चोच बुडवून दाखवा, पण घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. अर्ध्या-पाऊण तासात सावरली नाही तर डॉक्टर. शहरात बरेचसे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचेच, कोंबडी म्हटलं की हसतात, त्यामुळे पक्षी बघणारा डॉक्टर उन्हाळ्याच्या आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवलेला बरा. आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर ऊन आहे म्हणून गप्प बसू नका, मानमोडी (कोंबड्यांचा साथीचा रोग) असेल नाहीतर आणखी काही, पुण्यात औंधला सरकारी पशुरोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे तपासणी होते.

इथल्या आजींनी काय केलंय ते बघा. पत्र्यावर चुना मारलाय, दुपारी वरून ओलं गोणपाट, पाण्याची मातीची भांडी दोन ठिकाणी आणि तीही सावलीत, कारण गच्चीवरच्या टाकीचं गरम पाणी कोंबडी पीत नाही. खाणं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, दुपारी अजिबात नाही, पचनाचीही उष्णता होतेच ना. एप्रिलच्या कोरड्या हवेत गोणपाट मस्त चालतं, पण मे संपताना ढग येतात, हवा दमट होते, तेव्हा धापांनीही उष्णता नीट जात नाही आणि गोणपाटही निकामी, त्यामुळे आकडा ३६ असला तरी तो दिवस चाळिशीच्या कोरड्या दिवसापेक्षा वाईट असू शकतो. तेव्हा फक्त वारा, पंखा.

आता घोळ कुठे होतो, तर ऑक्टोबर हीटमध्ये. पिसं पण झडतायत आणि दुपारी धापा पण, मग माणूस पिसांकडे बघत बसतो. धापा आधी बघायच्या. आणि उलटही होतं, भर उन्हाळ्यात कोंबडी अचानक पिसं टाकायला लागली तर एकदा पाण्याचं भांडं बघा, दुपारभर कोरडं राहिलेलं असू शकतं. उपास, तहान, मोठा ताण यानं अवेळी मोल्टिंग सुरू होतं. मोठ्या फार्मांवर हेच मुद्दाम, कोंबड्यांना उपाशी ठेवून करायचे, आणि ते क्रूरतेत मोडतं असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०११ मध्ये राज्यांना कळवलंय.

ठमीच्या आत्ताच्या आहाराचं थोडक्यात. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, म्हणून लेअर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, उकडलेलं अंडं, बिनमिठाचा सुका जवळा. नुसता तांदूळ आणि शिळी पोळी यावर पिसं येत नाहीत. खुराड्यात खाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवायचं, डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि अंगावर पिसं अर्धीच असतात, तेव्हा खुराड्याच्या एका बाजूला पोतं. अंडी बंद आहेत म्हणून रोज घरट्यात हात घालून तिला त्रास देऊ नका. डिसेंबर संपता संपता दिवस मोठा व्हायला लागतो, तुरा परत लाल दिसला की समजायचं, आणि मोल्टिंगनंतरची अंडी बरेचदा आधीपेक्षा मोठी आणि कवचाला चांगली जाड असतात.