ऑर्थोची सीट भरण्याआधी

(एमबीबीएसच्या इंटर्न्ससमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ऑर्थोच्या, म्हणजे अस्थिरोगाच्या, पदव्युत्तर सीटसाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची चॉईस फिलिंगची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, यादी तयार असणार. वर केईएम, सायन, नायर, जेजे. मग पुण्याचं बीजे, नागपूरचं मेडिकल. त्याखाली मिरज, संभाजीनगरचं घाटी, सोलापूर, आणि उरलेल्या जागेत डीएनबी, म्हणजे बहुतेक करून खासगी रुग्णालयांतल्या पदव्युत्तर जागा. ही यादी गेल्या वर्षीच्या क्लोजिंग रँकवरून बनते, म्हणजे आधीच्या बॅचने काय घेतलं यावरून. त्यांनी ती त्यांच्या आधीच्या बॅचवरून बनवलेली असते. तिथे शिकवतात कसं, हे या सगळ्यात कुणी जाऊन पाहिलेलंच नसतं. म्हणून माझी पहिली विनंती अशी की यादी लॉक करण्याआधी निदान तीन-चार विभाग स्वतः जाऊन बघा. विभागप्रमुखांना रीतसर विचारलंत तर एका इंटर्नला सकाळची मीटिंग बघायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि तिथे गेल्यावर 'सर, वर्षाला किती केसेस होतात?' हा प्रश्न शेवटी विचारा. सगळे तोच आधी विचारतात. केसेस लागतातच, त्याबद्दल दुमत नाही. पण तीन वर्षांत हाडात नेल (सळई) घालायला, प्लेट बसवायला हात तयार होतो. ते कौशल्य पुढेही वाढवता येतं, त्यासाठी कोर्स आहेत, फेलोशिप आहेत. हे फ्रॅक्चर ऑपरेशनचं आहे का, आणि असेल तर कधी, हे ठरवायची सवय मात्र रेसिडेन्सीतच, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या याच तीन वर्षांत, लागते. तेव्हा नाही लागली तर पुढे फार अवघड जातं.

एक साधं फ्रॅक्चर घेऊ. दंडाचं हाड मधोमध मोडलंय, तरुण माणूस आहे, जखम बंद आहे, दुसरी काही इजा नाही. पुढच्या बाजूला 20 अंशांपर्यंत आणि व्हॅरसमध्ये (खालचा भाग शरीराकडे वळलेला) 30 अंशांपर्यंतचा वाक खांद्या-कोपराच्या हालचालीत सामावून जातो, हे पुस्तकात आहे. सुरुवातीला स्लॅब (अर्धं प्लास्टर), सूज उतरली की ब्रेस, दर आठवड्याला एक्स-रे, असं केलं तर यातली बहुतेक हाडं जुळतात. प्लेट घालायची तर रेडियल नर्व्ह (मनगट उचलणारी नस) वाटेतच असते. आता दोन युनिट डोळ्यांसमोर आणा. एकात हा एक्स-रे पडद्यावर आला की चर्चा फक्त प्लेट किती होलची एवढीच. दुसऱ्यात लेक्चरर जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, विचारतात, 'का घ्यायचा ओटीत (ऑपरेशन थिएटरात)? पेशंट दर आठवड्याला फॉलोअपला येऊ शकतो का? घरी कोण आहे? रोज काम काय करतो?' कधी या प्रश्नांनंतरही प्लेटच ठरते, आणि ती योग्यही असते. पण ती का ठरली हे त्या पोराला कळलेलं असतं. दुसऱ्या युनिटमध्ये आकडा थोडा कमी असला तरी सीट तिथली घ्या.

सकाळच्या मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. ऑपरेशननंतरचा एक्स-रे लागला की खोलीत काय होतं? स्क्रू लांब गेलाय, रिडक्शन (हाड जागेवर बसवणं) पूर्ण नाही, असं कुणी मोठ्याने म्हणतं का? आणि ते फक्त पोरांच्या केसबद्दल म्हणतात की असोसिएट प्रोफेसरांच्या केसबद्दलही? जिथे वरिष्ठांच्या केसवर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट प्रश्न विचारू शकतो आणि त्याला नीट उत्तर मिळतं, तो विभाग चांगला, हे मी डोळे मिटून सांगेन.

मीटिंगनंतर ओटीकडे धावू नका, प्लास्टर रूममध्ये जा. क्लबफूटचं (जन्मतः आत वळलेल्या पावलाचं) क्लिनिक आठवड्यातून कधी असतं ते विचारा. पॉन्सेटींच्या पद्धतीत बाळाचं पाऊल दर आठवड्याला थोडं थोडं वळवून प्लास्टर बदलायचं असतं, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांना टाचेची शीर सोडवायची, आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना ब्रेस. ही प्लास्टरं रेसिडेंट घालतात की मामा, म्हणजे प्लास्टर रूमचे कर्मचारी, घालतात? मामांचा हात उत्तम असतो, मी स्वतः त्यांच्याकडून शिकलो, आणि तुम्हीही शिका. पण टॅलसच्या (घोट्यातल्या हाडाच्या) डोक्यावर अंगठा नेमका कुठे टेकवायचा हे तुमच्या बोटांना कळायला हवं. ब्रेस सुटला की पाऊल परत वळतं, हे आईला समजावणंही तुमचंच काम. मणक्याच्या टीबीचंही असंच. आपल्या देशात अस्थिरोगतज्ज्ञ प्रा. तुलींनी मधला मार्ग दाखवला. औषधं सुरू करा, पेशंटवर लक्ष ठेवा, गरज पडेल त्यालाच ऑपरेट करा. हे शिकायचं तर एकच पेशंट दीड वर्ष ओपीडीत परत परत दिसला पाहिजे. जिथे ऑपरेशन एकाने करायचं आणि फॉलोअप दुसऱ्याने बघायचा, तिथे आपल्या कामाचं पुढे काय झालं हे रेसिडेंटला कधी कळतच नाही.

आता सरकारी की डीएनबी, हा नेहमीचा प्रश्न. सायनसारख्या ठिकाणी लोकलचे आणि हायवेचे अपघात येतात. ससून (बीजेचं रुग्णालय), घाटी, नागपूर इथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पेशंट पाठवले जातात. ट्रॉमा तिथे भरपूर, आणि हातही चालतो. खासगी संस्थेत पेशंट सर्जनचं नाव ऐकून येतो, त्यामुळे तुम्ही बराच काळ असिस्टंट. पण आर्थ्रोप्लास्टी (सांधेरोपण), आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याचं ऑपरेशन), स्पाइन जवळून दिसतं. डीएनबीची थिअरी देशभर एकच असल्याने अभ्यासही करावाच लागतो. मला विचाराल तर पहिला पाया ट्रॉमाचा असावा. पण चांगलं शिकवणारं डीएनबी आणि कुणी लक्षच न देणारं कॉलेज यांत मी डीएनबी निवडेन.

सरकारी वॉर्डात गेलात की एखाद्या आजीच्या खाटेशी थांबा. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलंय, ट्रॅक्शन लावलंय. केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख बघा. हे ऑपरेशन शक्यतो 48 तासांत व्हावं असं आपण शिकवतो. उशीर झाला की बेडसोअर होतात, न्यूमोनिया होतो. पण जनआरोग्य योजनेची मंजुरी, रेशनकार्ड, इम्प्लांट, फिटनेस यात दिवस जातात. ही कागदपत्रं कोण करतं? योजनेचे समन्वयक आणि आरोग्यमित्र धडाडीचे असतील तर आजी लवकर ओटीत जाते आणि जेआर वन वॉर्डात राहतो. नसतील तर तुमचं पहिलं वर्ष झेरॉक्सच्या दुकानात जाईल. याबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण यात पेशंट आणि विद्यार्थी दोघांचंही नुकसान होतं.

ओटीत गेलात तर एक्स-रे किरणांपासून वाचवणारे लेड अॅप्रन कुठे आहेत ते बघा. हँगरवर टांगलेले असतील तर ठीक. घडी घालून खुर्चीवर फेकलेले असतील तर आतल्या शिशाच्या थराला चिरा पडतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, तीन वर्षं काढायची आहेत. थायरॉइड कॉलर पुरेसे आहेत का, रेसिडेंट्सच्या नावाचे टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारे) आहेत का, हे विचारायला लाजू नका. मुलींना तर माझं आवर्जून सांगणं आहे, ऑर्थो घ्या. ताकदीपेक्षा तंत्र महत्त्वाचं आहे. फक्त तिथे आधी मुली राहिल्यात का, ड्युटी रूम आणि चेंजिंग रूम वेगळी आहे का, त्यांच्या मापाचे अॅप्रन आहेत का, हे बघून घ्या.

पहिल्या वर्षाच्या पोराशी बोलायचं तर विभागात नको, बाहेर चहाच्या टपरीवर बोला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे वाजवी तास आणि साप्ताहिक सुट्टी लिहिलेली आहे. त्याला शेवटची सुट्टी कधी मिळाली ते विचारा. इमर्जन्सीनंतर झोपू देतात का? गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी सीट सोडून गेलं का, आणि का? झोप न झालेल्या डॉक्टरने पेशंटचा पाय कापायची जागा ठरवू नये. पोरांना झोपू न देणं कडक शिस्तीच्या नावाखाली खपवून घेणाऱ्या विभागात मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

पैशाचं आणि नियमांचं थोडक्यात. ऑल इंडिया कोट्याच्या कोणत्या फेरीत सीट सोडता येते, राज्याच्या सीईटी सेलचा नियम काय, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नका. महाराष्ट्रात सरकारी सीटला एक वर्षाचा बाँड (सरकारी सेवेची सक्ती) आहे आणि तो मोडला तर 50 लाखांचा दंड. शिक्षणादरम्यान तीन महिन्यांचा डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम, म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयातलं काम, हाही करावा लागतो. त्याला शिक्षा समजू नका. सी-आर्म नसेल तर काय करायचं, हे तिथेच कळतं.

आणि शेवटी, ज्या विभागाची सीट घ्यायची आहे तिथून नुकताच पास होऊन जिल्हा रुग्णालयात बाँड करणारा कुणी शोधा आणि त्याला फोन करा. रात्री एकटा असताना कोणती केस स्वतः घेतलीस, कोणती पुढे पाठवलीस, आणि पाठवायची हे कशावरून ठरवलंस, एवढंच विचारा. तो जे सांगेल ते ऐकून यादीतला क्रम लावा.