शाईची टाकी आणि स्कॅनरची काच

श्रोतेहो, नमस्कार.

घरासाठी, शाळेच्या कार्यालयासाठी किंवा गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरासाठी छपाई, झेरॉक्स आणि स्कॅनिंग ही तिन्ही कामे करणारा ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर घ्यायचा झाल्यास निवड कशी करावी, याविषयी आज बोलायचे आहे. दुकानात गेल्यावर बहुतेक गिऱ्हाइके दोनच प्रश्न विचारतात : मिनिटाला किती पाने छापून होतात आणि एक पान किती पैशांना पडते. प्रश्न रास्तच आहेत. पण शाईच्या खर्चाचा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच अंशी सुटला आहे आणि साधारण सारख्याच किमतीच्या यंत्रांमध्ये खरा फरक उरला आहे तो स्कॅनरचा. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, टाकीत शाई भरता येणारे यंत्र अवश्य घ्या, पण त्यांपैकी कोणते घ्यायचे, हे स्कॅनर पाहून ठरवा.

आधी शाईचे पाहू. जुन्या पद्धतीच्या यंत्रात शाई कार्ट्रिजमध्ये असते. एचपीच्या ६८२ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे ४८० पाने निघतात, असे कंपनी सांगते. टाकीच्या यंत्रात शाई बाटलीतून टाकीत ओततात. एपसनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीसाठी हाच आकडा ४,५०० आहे. दोन्ही आकडे आयएसओ/आयईसी २४७१२ या मानकातील नमुना पानांवरून काढलेले असतात. त्या पानांवर शाईने व्यापलेली जागा थोडीच असते, त्यामुळे मुलांच्या प्रकल्पासाठी पानभर रंगीत चित्रे छापणाऱ्याने इतक्या पानांची अपेक्षा धरू नये. शिवाय टाकीच्या नव्या यंत्रात पहिल्या भरणीची काही शाई नळ्या भरण्यातच खर्च होते, म्हणून पहिल्या बाटलीची पाने नेहमीच कमी भरतात.

टाकीची ही कल्पना आधी वापरणाऱ्यांनीच अमलात आणली होती. कार्ट्रिजला बाहेरून नळ्या जोडून शेजारी शाईच्या बाटल्या ठेवण्याची युक्ती आशियातल्या अनेक देशांत दुकानदार वर्षानुवर्षे करत होते. अखेर २०१० मध्ये एपसनने इंडोनेशियात मोठ्या टाकीचा प्रिंटर स्वतःच बाजारात आणला आणि पुढच्या काही वर्षांत कॅनन, ब्रदर आणि एचपी यांनीही तीच वाट धरली. यंत्राची किंमत सुरुवातीला अधिक पडते, पण महिन्याला शे-दीडशे पाने छापणाऱ्या घरात हा जास्तीचा खर्च शाईतून भरून निघतो.

मग कार्ट्रिजमध्ये शाई भरून वापरण्याचे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल. एचपीच्या ६८२ किंवा कॅननच्या ७४५ यांसारख्या कार्ट्रिजच्या तळाशीच छपाईचे हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, असतो आणि आत शाई धरून ठेवणारा स्पंज असतो. वरचे लेबल सोलून छिद्रातून सिरिंजने शाई अगदी सावकाश सोडावी लागते. घाई केली की स्पंजात हवा अडकते आणि कार्ट्रिज भरलेले असूनही पानावर पांढरे पट्टे येतात. तिरंगी कार्ट्रिजमध्ये एका रंगाची शाई चुकून दुसऱ्या छिद्रात गेली, तर ती काढणे जवळजवळ अशक्य असते. काही वेळा भरून हे चालते, पण या हेडमध्ये शाई उष्णतेने उडवली जाते, म्हणून कार्ट्रिज कोरडे पडल्यावरही छपाई चालू ठेवल्यास आतले सूक्ष्म तापक जळतात. ज्या यंत्रांत कार्ट्रिजवर शाईचा हिशेब ठेवणारी चिप असते, तिथे आणखी एक अडचण येते. चिप आपोआप पूर्ववत होणारी रिफिल कार्ट्रिजे बाजारात मिळतात खरी, पण कंपनीने यंत्रातील सॉफ्टवेअर अद्ययावत केले की तीच कार्ट्रिजे नाकारली जाऊ शकतात. एचपीच्या अनेक मॉडेलांत अशी व्यवस्था आहे. तेव्हा घरात असे यंत्र आधीपासून असेल तर रिफिल करून त्याचे आयुष्य जरूर वाढवावे. मात्र रिफिल करण्याच्या हिशेबाने आज नवे कार्ट्रिजचे यंत्र घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

टाकीच्या यंत्रातही शाईचा प्रकार विचारून घ्या. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. ती फोटोसाठी छान, पण पावसाळ्यात ओल्या हाताने कागद धरला की अक्षरे पसरतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण कागदावर बसतात, म्हणून अर्ज, दाखले आणि पाकिटावरचे पत्ते ओलाव्याला बरेच टिकतात. कॅनन आणि एचपीच्या टाकीच्या बऱ्याच मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, तर एपसनच्या ००३ मालिकेत चारही शाया डायच्या आहेत. ज्यांचे काम मुख्यतः मजकुराचे आहे, त्यांनी काळी पिगमेंट शाई असलेले मॉडेल निवडावे.

हेडच्या बाबतीत दोन पद्धती आहेत. एपसन आणि ब्रदर यांच्या यंत्रांत विजेच्या दाबाने किंचित वाकणाऱ्या पिझो घटकांनी शाईचा थेंब ढकलला जातो. हे हेड दीर्घकाळ टिकते, पण कायमचे तुंबले तर दुरुस्ती महाग पडते. कॅनन आणि एचपीच्या टाकीच्या यंत्रांत उष्णतेने बुडबुडा तयार करून थेंब उडवतात आणि त्यांची हेड बहुधा बदलता येतात. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरासाठी बदलता येणारे हेड अधिक सोयीचे. पद्धत कोणतीही असो, आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे आणि यंत्र नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे. बटणाने बंद केल्यावर हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपीखाली बसते. भिंतीवरचा स्विच मध्येच बंद केला तर ते उघडे राहते आणि त्यातली शाई वाळते. हेड साफ करताना सांडणारी शाई यंत्राच्या तळाच्या पॅडमध्ये जिरते आणि ते पॅड भरल्याचा हिशेब झाला की छपाई थांबते. कॅननच्या जी२०२० आणि जी३०२० यांसारख्या मॉडेलांत हा भाग वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो. जिथे तसे नाही, तिथे यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी ही गोष्ट खरेदीपूर्वीच विचारावी.

आता स्कॅनरकडे वळू. खोक्यावर छापलेला मोठा डीपीआय आकडा, म्हणजे एका इंचात स्कॅनर किती बिंदू टिपतो तो आकडा, पाहून हुरळून जाऊ नये. त्यातला ऑप्टिकल आकडा खरा, बाकीचा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. शिवाय कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय पुरतात. ए-फोर पान ३०० डीपीआयने घेतले की २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंचे चित्र मिळते आणि रंगीत असल्यास, दाबण्यापूर्वी, ते सुमारे २६ मेगाबाइटचे भरते. तेच ६०० डीपीआयने घेतले तर फाइल चौपट होते आणि वाचणाऱ्याला काही अधिक मिळत नाही. आजोबांचा पोस्टकार्डाएवढा फोटो मोठा करून छापायचा असेल, तेव्हा मात्र ६०० डीपीआयचा खरा उपयोग होतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो स्कॅनरच्या डोळ्याचा प्रकार. घरगुती ऑल-इन-वन यंत्रांत जवळजवळ सर्वत्र सीआयएस पद्धतीची पट्टी असते. ती काचेला अगदी लगटून सरकते, म्हणून यंत्र पातळ आणि स्वस्त होते. पण काचेपासून काही मिलिमीटर वर उचललेला मजकूर तिला नीट दिसत नाही. जाड बांधणीचे पुस्तक किंवा संस्थेची जुनी इतिवृत्त वही उघडून ठेवली की शिवणीजवळच्या ओळी पुसट आणि काळसर येतात. आरसे आणि भिंग वापरणाऱ्या सीसीडी स्कॅनरची नजर अधिक खोल पोचते, पण तो आता बहुधा वेगळे यंत्र म्हणूनच घ्यावा लागतो. एखाद्या ग्रंथालयाला बांधीव अंक टिपायचे असतील किंवा कोणाला फोटोच्या निगेटिव्ह उतरवून घ्यायच्या असतील, तर मी स्पष्ट सांगेन की साध्या ऑल-इन-वनवर पैसे घालू नका; निगेटिव्हसाठी झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो. सुट्या पानांच्या पोथीला मात्र सीआयएस काच उत्तम चालते. झाकणाची बिजागरी वर उचलली जाते का, हेही बघा. तशी असेल तर जाडसर वहीवरही झाकण सपाट बसते.

आपल्याकडची मोठी अडचण कागदाच्या मापाची आहे. यंत्राची काच ए-फोर मापाची, म्हणजे २९७ मिलिमीटर लांबीची असते. पण भाडेकरार, खरेदीखते आणि प्रतिज्ञापत्रे बहुधा लीगल कागदावर असतात आणि त्याची लांबी ३५६ मिलिमीटर भरते. म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर कागद काचेबाहेर राहतो, आणि सह्या व शिक्के नेमके त्याच तळाच्या भागात असतात. ज्यांना असे दस्त वारंवार स्कॅन करायचे आहेत, त्यांनी वरून कागद ओढून घेणारा फीडर, म्हणजे एडीएफ, असलेले मॉडेलच घ्यावे आणि तो लीगल माप स्वीकारतो का, हे विचारावे. खोक्यावरचा ‘ऑटो डुप्लेक्स’ हा शब्द बहुतेक वेळा केवळ छपाईसाठी असतो. फीडर कागदाच्या दोन्ही बाजू आपोआप वाचेल, असा त्याचा अर्थ होत नाही. जीर्ण, घडीवर फाटलेला सातबारा किंवा जुने पत्र मात्र फीडरमध्ये कधीही घालू नये. ते काचेवरच ठेवावे.

फीडरची आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्यातून जाणारा कागद मोठ्या काचेवर येत नाही, तिच्या कडेच्या बोटभर रुंदीच्या काचपट्टीवरून सरकतो. तिच्यावर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा एवढासा कण चिकटला, तरी प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ उमटते. अशा वेळी तोच कागद काचेवर ठेवून स्कॅन करावा. रेघ आली नाही, तर दोष त्या पट्टीवर आहे. किंचित ओलसर मऊ कापडाने पट्टी पुसली की काम भागते.

मराठी मजकुरासाठी एक सेटिंग फार महत्त्वाचे आहे. फाइल लहान व्हावी म्हणून पुष्कळ जण काळे-पांढरे निवडतात. त्यात यंत्र प्रत्येक बिंदू एक तर पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा ठरवते, आणि फिक्या छपाईतील अनुस्वाराचे टिंब, रफार किंवा उकाराचे शेपूट नाहीसे होते. म्हणून ३०० डीपीआय आणि राखाडी छटा, म्हणजे ग्रेस्केल, ही जोडी ठेवावी. स्कॅनमधून मजकूर उतरवायचा असेल, तर यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते पाहावे. नसल्यास टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचते. केवळ यूएसबीचे मॉडेल थोडे स्वस्त पडते, पण फोनवरून थेट स्कॅन घ्यायचा असेल तर वाय-फाय हवे.

शेवटी दुकानात काय करावे, तेही सांगतो. जाताना एक फिक्या छपाईचा मराठी दाखला, एक लीगल मापाचा दस्त, एक जाड वही आणि एक जुना फोटो सोबत न्या. पसंत पडलेल्या दोन मॉडेलांवर हीच चारही स्कॅन ३०० डीपीआय ग्रेस्केलने, फोटो मात्र ६०० डीपीआयने रंगीत, काढून मागा आणि फाइली पेनड्राइव्हवर घ्या. वॉरंटी किती काळाची आणि किती पानांची, हेही तेव्हाच विचारा, कारण अनेक मॉडेलांना वर्ष किंवा ठरावीक पाने, यांतले जे आधी पूर्ण होईल ते लागू होते. घरी येऊन फाइली मोठ्या पडद्यावर उघडा, दाखल्यावरचे अनुस्वार मोजा, दस्ताच्या तळाची सही पूर्ण आली आहे का ते बघा आणि मगच दुकानदाराला फोन करून मॉडेलचे नाव कळवा. नमस्कार.