हेरुन-सानचं उंच टेबल

(टेबल, बाजूनं. मग खुर्ची.)

हे टेबल बघा, आणि मग ही खुर्ची बघा. काहीतरी बिनसलंय असं वाटतं ना? खुर्ची नेहमीचीच आणि टेबल पार छातीला लागतंय. पण सुतार चुकलेला नाही, हे असंच करून घेतलंय. इथं लिहिणाऱ्या माणसाचा डावा डोळा सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना गेला आणि उजव्यानं इतकं अंधुक दिसायचं की कागद नाकाला टेकेल एवढा जवळ लागायचा. रोज वाकून मान मोडून घेण्यापेक्षा त्यानं टेबलच वर घेतलं. त्याचे फोटो काढून बघा, जवळजवळ सगळ्यांत मान वळवलेली नाहीतर नजर खाली, डावी बाजू कॅमेऱ्याला द्यायचीच नाही.

हा लेखक लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, बाप आयरिश, १८५० साली लेफ्कादा बेटावर जन्म, डब्लिनला वाढला, एकोणिसाव्या वर्षी अमेरिका, तिथं सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्सला पेपरात बातमीदारी, मग मार्टिनिक बेट. तिकडचं शूट आमच्याकडे नाही, त्यामुळे एवढ्यावरच भागवा. एप्रिल १८९० मध्ये तो योकोहामाला उतरला, एका अमेरिकन प्रकाशनासाठी जपानवर लिहायला, आणि ते काम लगेच फिसकटलं. खिशात फार काही नाही, भाषा येत नाही. बेसिल हॉल चेंबरलेन नावाचे तोक्योतले प्राध्यापक, त्यांनी शब्द टाकला आणि इंग्रजी मास्तरची नोकरी लागली, मात्सुएच्या शाळेत.

(पहाट, शिंजी तलाव, होड्या.)

हे मात्सुए. जपानची मागची बाजू म्हणा हवं तर, तोक्यो-ओसाकाची गडबड इकडे पोचत नाही. समोर शिंजी तलाव. होडीतला माणूस लांब दांड्याच्या जाळीनं तळ खरवडतोय ना, ते शिजिमी नावाच्या शिंपल्या काढतोय, आपल्या तिसऱ्यांची धाकटी बहीण, इथलं मिसो सूप तिच्याशिवाय पुरं होत नाही.

३० ऑगस्ट १८९० ला हर्न इथं पोचला आणि सुरुवातीला राहिला पुलाजवळच्या एका खानावळवजा घरात. तिथली सकाळ त्यानं लिहून ठेवलीय आणि गंमत म्हणजे ती जवळजवळ सगळी कानानं लिहिलीय. सगळ्यात आधी तांदूळ कांडायचा धप्प धप्प आवाज, उशीखालून नाडी लागावी तसा, मग देवळाची घंटा, मग "दाइको याइ, काबुया-काबु" ओरडत मुळे आणि सलगम विकणारे, मग उगवत्या सूर्याला हात जोडणाऱ्यांच्या टाळ्या, आणि मग पुलावरून लाकडी गेता चपलांची टकटक. डोळा अधू असला की कान असा कामाला लागतो.

नेमणुकीच्या कागदावर त्याचं नाव हेरुन असं उतरलं, त्यालाही ते चाललं, आणि गाव आजही त्याला हेरुन-सानच म्हणतं, म्हणजे आपलं हेरुनराव.

(खंदकातली बोट. पूल जवळ येतो, छप्पर खाली येतं, सगळे वाकतात.)

वाका, वाका. हा किल्ल्याचा खंदक. किल्ला १६११ चा, वरचा लाकडी बुरूज मूळचाच आहे. बोट थांबते तिथून दोन पावलांवर हे सामुराईचं जुनं घर, हर्न १८९१ मध्ये इथं काही महिने भाड्यानं राहिला. खोलीत मधोमध बसलं की तीन बाजूंना बाग दिसते. या बागेवर त्यानं अख्खा लेख लिहिलाय, दगड, कमळं, बेडूक, कोण कुठं बसतं सगळं. बेडूक खायला साप यायचा, तर हा आपल्या ताटातलं त्याला काढून ठेवायचा, बाबा रे हे खा आणि बेडकांना सोड.

सापाची गोष्ट कळली कशी? ती सांगितलीय त्याच्या बायकोनं, कोइझुमी सेत्सुनं. आणि खरं सांगायचं तर आम्ही हर्नसाठी मात्सुएला आलो आणि चार दिवस शूट करत राहिलो सेत्सुचं.

सेत्सु १८६८ ची, सामुराई घरातली. पण सामुराईंचे तनखे बंद झाले, घरं बसली, अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगी मागावर बसली. पहिलं लग्न झालं तर नवरा सोडून गेला. १८९१ च्या थंडीत ती या परदेशी मास्तराकडे घर सांभाळायला आली आणि त्याच वर्षी त्याची बायको झाली. तिला इंग्रजी येत नाही, त्याला जपानी येत नाही. मग दोघांनी मिळून एक मोडकंतोडकं जपानी तयार केलं, प्रत्यय नाहीत, क्रियापदाचं रूप कसंही, त्याला नावच पडलं हेरुन-सानची भाषा. तिनं ऐकू येईल तसं इंग्रजी काताकाना लिपीत उतरवलेली वही अजून आहे.

आता नीट ऐका. जपानबद्दल डझनभर पुस्तकं लिहिणारा हा माणूस चौदा वर्षं राहूनही जपानी पुस्तक धड वाचू शकत नव्हता. मग भुतांच्या त्या सगळ्या गोष्टी आल्या कुठून? सेत्सु जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोथ्या शोधून आणायची, आधी स्वतः वाचायची, आणि रात्री दिव्याची वात बारीक करून सांगायची. पुस्तक हातात घेतलेलं त्याला चालायचं नाही. तुझी गोष्ट, तुझे शब्द, तुझे विचार पाहिजेत, असा हट्ट. तो श्वास रोखून ऐकायचा, चेहरा बदलायचा, आणि मध्येच प्रश्न. ते वाक्य परत म्हण. कसं म्हणाला असेल? तेव्हा रात्र कशी होती? एकेक गोष्ट अशी कितीतरी वेळा. ती स्वतः इतकी बुडायची की नंतर तिलाच वाईट स्वप्नं पडायला लागली.

बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्या आंधळ्या होइचीची गोष्ट लिहीत होता तेव्हाची आठवण आहे तिची. अंधार पडला तरी दिवा लावलेला नाही. तिनं शेजारच्या खोलीतून हळूच हाक मारली, "होइची, होइची." आतून उत्तर आलं, "हो, मी आंधळा आहे, आपण कोण?" आणि परत सगळं चिडीचूप.

(शंख.)

आणि हा शंख एनोशिमाहून आणलेला. चिलमीचा विस्तव संपला की तो शंख फुंकायचा, आवाज घरभर, मग निखारा यायचा. निखारा घेऊन कोण धावायचं ते विचारू नका.

मात्सुएची थंडी त्याला सोसली नाही, १८९१ च्या शेवटी कुमामोतो, मग कोबे, मग तोक्यो विद्यापीठ. १८९६ मध्ये त्यानं जपानी नागरिकत्व घेतलं आणि सासरचं आडनाव लावून कोइझुमी याकुमो झाला, कारण तो ब्रिटिश प्रजा, त्याच्यामुळे बायको ब्रिटिश झाली असती तर तिचे आणि पोरांचे इथले हक्क गेले असते. विद्यापीठानं १९०३ मध्ये काढलं, जागेवर पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी आले, आणि २६ सप्टेंबर १९०४ ला हृदयविकारानं गेला, चौपन्नाव्या वर्षी, मागे चार मुलं.

त्याच वर्षी त्याचं भुतांच्या गोष्टींचं पुस्तक 'क्वाइदान' आलं होतं, होइची आणि हिमस्त्री युकी-ओन्ना या दोन्ही त्यातल्याच गोष्टी. प्रस्तावनेत जुन्या जपानी ग्रंथांची नावं आहेत, युकी-ओन्ना एका शेतकऱ्यानं सांगितली हेसुद्धा आहे. सेत्सुचं नाव आम्ही दोनदा शोधलं.

(परत टेबल. बाजूची रिकामी ततामी चटई.)

तिच्या आठवणी छापून आल्या १९१४ मध्ये. या टेबलाशेजारी, खाली, ती बसली असेल असं वाटत राहतं.