आधी कॅलेंडर उघडा, कोर्स मग निवडा | बे एरियातलं कम्युनिटी कॉलेज

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, राहणाऱ्या आणि कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) पुन्हा शिकायचं मनात असलेल्या सगळ्यांसाठी आहे. त्यातही एच-फोरवर, म्हणजे एच-वन नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मैत्रिणींनी शेवटपर्यंत बघा. मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते "कुठला कोर्स घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर उघडा आणि ते घरच्या कॅलेंडरशेजारी ठेवा. मुलांची शाळा, भारताची ट्रिप, सासूबाई येणार असतील तर ते महिने, सगळं. कोर्स कितीही चांगला असला तरी चुकीच्या टर्ममध्ये (सत्रात) घेतला की तो अर्ध्यात सुटतो. हुशार, मेहनती बायकांचं हे होताना बघवत नाही, म्हणून आज सविस्तर बोलते.

एक गैरसमज आधी दूर करू. एच-फोरवर शिकता येतं. त्यासाठी एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा करावा लागत नाही, त्याचा आय-ट्वेंटी फॉर्म लागत नाही. एक कोर्स घ्या नाहीतर चार घ्या. नोकरीसाठी मात्र ईएडी (कामाचा परवाना) लागतं, तो विषय वेगळा. आणि मुलं २१ वर्षांची झाली की त्यांचा एच-फोर संपतो, तेव्हा मुलासाठी योजना करत असाल तर तो वाढदिवस कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

आता कॉलेजा-कॉलेजांतला मुख्य फरक. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यातली बहुतेक सेमिस्टरवर चालतात. फ्रीमॉन्टचं ओहलोनी, सँटा क्लाराचं मिशन, सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली, लिव्हरमोरचं लास पोझिटास, ही सगळी सेमिस्टरवाली. पण कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल, म्हणजे आपली मराठी वस्ती जिथे दाट आहे तिथलीच दोन कॉलेजं, क्वार्टरवर चालतात.

[स्क्रीनवर: दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी]

सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, डिसेंबरच्या मध्यावर संपतं. पुढचं जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन मेअखेरपर्यंत. क्वार्टर १२ आठवड्यांचं. पहिलं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, दुसरं जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरं एप्रिलमध्ये, आणि ते जूनच्या शेवटापर्यंत चालतं.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. आता यात भारताची ट्रिप बसवून बघा. सेमिस्टरवाल्या कॉलेजात डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा आठवडे मोकळे मिळतात. क्वार्टरमध्ये जेमतेम दोन-तीन. त्यात येण्याजाण्याचे दिवस, जेटलॅग, सासर-माहेर, एखादं लग्न. परतीचं तिकीट वर्ग सुरू झाल्यानंतरचं असेल तर काय होतं? पहिल्या दिवशी जो विद्यार्थी येत नाही त्याचं नाव प्राध्यापक काढू शकतात आणि ती जागा वेटलिस्टवरच्या माणसाला देतात. ऑनलाइन वर्गालाही हेच लागू आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत लॉग-इन करून ते सांगतील ती छोटी असाइनमेंट दिली नाही, तर तुम्ही गैरहजर. मुंबईहून निघताना विमानतळावर बसून फोनवर ती असाइनमेंट टाकली तरी चालते, पण ती आहे हे माहीत तर हवं! वर्ग सुरू व्हायच्या आधी प्राध्यापकांना दोन ओळींचा ईमेल करा: मी प्रवासात आहे, अमुक दिवशी येते, माझी जागा ठेवाल का? बरेच जण समजून घेतात. न सांगता गैरहजर राहिलात तर त्यांना कळणार कसं?

मे-जूनकडे बघा. शाळा साधारण जूनच्या सुरुवातीला सुटतात. सेमिस्टर तोवर संपलेलं असतं. क्वार्टरच्या फायनल्स जूनच्या शेवटी, म्हणजे मुलं दिवसभर घरात आणि आईची परीक्षा तोंडावर. डी अँझाला जाणाऱ्यांनी त्या तीन आठवड्यांचा समर कॅम्प मार्चमध्येच बुक करावा, नंतर जागा राहत नाहीत. आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर त्याच सुमारास बोलवा.

आता फी. ती युनिटवर, म्हणजे कोर्सच्या क्रेडिटवर, ठरते. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला. क्वार्टर युनिट लहान असतं, त्याला ३१ डॉलर. वर किरकोळ शुल्क. पण रहिवासी धरलं जायला टर्म सुरू होण्याच्या आधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथे कायम राहण्याचा इरादा कागदावर दिसावा लागतो: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न. नाहीतर युनिटमागे काहीशे डॉलर जादा पडतात.

इथे कॅलेंडर तुमच्या बाजूने कसं वळवता येतं बघा. समजा तुम्ही गेल्या वर्षी ५ सप्टेंबरला उतरलात. या ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू होतं तेव्हा वर्ष भरलेलं नसतं. पण सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या क्वार्टरला ते भरतं. तोच विषय, एक महिना थांबून दुसऱ्या कॉलेजात घेतला तर फीचा आकडा पार बदलतो. म्हणून आल्या आल्या लायसन्स काढा. गाडी लगेच चालवायची नसेल तर निदान स्टेट आयडी काढा.

वेळेचं गणित मात्र फार जणी कमी धरतात. एका सेमिस्टर युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून ४८ तासांचं काम धरलेलं असतं. तीन युनिट म्हणजे १४४ तास. सेमिस्टरभर पसरले तर आठवड्याला नऊच्या आसपास. तोच कोर्स सहा आठवड्यांच्या समरमध्ये घेतला तर आठवड्याला २४ तास! समरला कोर्स "सोपा आणि पटकन होतो" असं कुणी सांगितलं तर हा आकडा आठवा. मुलांना सुट्टी असताना रोज साडेतीन तास कुठून काढणार? काढता येत असतील तर जरूर घ्या. नसतील तर सेमिस्टरमध्ये एकच कोर्स घ्या आणि तो नीट पार पाडा. बऱ्याच वर्षांनी अभ्यासाला बसताना पहिल्या टर्मला एक कोर्स पुरतो, यावर मी ठाम आहे.

आता टर्मच्या आतल्या तीन तारखा. पहिली, पैसे परत मिळण्याची. पूर्ण सेमिस्टरच्या वर्गाला ती साधारण दुसऱ्या आठवड्याअखेर असते. दुसरी सेन्सस डेट, म्हणजे कॉलेज विद्यार्थ्यांची मोजणी करतं तो दिवस, टर्मचा पाचवा भाग उलटला की येते. साधारण त्याच्या आत वर्ग सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) खूणही राहत नाही. तिसरी, डब्ल्यू, म्हणजे वर्ग मध्येच सोडल्याची नोंद, घेऊन बाहेर पडण्याची, साधारण टर्मच्या पाऊण भागापर्यंत. त्यानंतर जो ग्रेड मिळेल तो मिळेल. डब्ल्यूने जीपीए (ग्रेडची सरासरी) घसरत नाही, पण तो एक प्रयत्न म्हणून मोजला जातो, आणि एकाच कोर्सला सर्वसाधारणपणे तीनच प्रयत्न मिळतात.

सेमिस्टरवाल्यांच्या पहिल्या दोन तारखा बऱ्याचदा गणपतीच्या धामधुमीत येतात आणि क्वार्टरवाल्यांच्या मिडटर्म दिवाळीत. मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम सुरू असते, घरी पाहुणे असतात, आणि तारीख निघून जाते. फोनमध्ये दोन दिवस आधीचा अलार्म लावा. मध्येच सुरू होणाऱ्या आठ आठवड्यांच्या वर्गांच्या तारखा वेगळ्या असतात. त्या पोर्टलवर तुमच्या वर्गाच्या नावापुढे दिसतात, तिथूनच घ्या.

रजिस्ट्रेशनबद्दल. प्रत्येकाला आपली तारीख आणि वेळ मिळते, आणि नव्या विद्यार्थ्यांची पाळी उशिरा येते. ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन (कुठले कोर्स कधी घेणार याचा आराखडा) पूर्ण असेल तर नंबर वर सरकतो, म्हणून ते वेळेत उरका. वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी हजर राहा. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात, प्राध्यापक ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा कोड, देतात. तो मिळाला की त्याच दिवशी वापरा.

बालशिक्षणाकडे वळणाऱ्या मैत्रिणी खूप आहेत. असोसिएट टीचर परमिटला (लहान मुलांना शिकवण्याच्या परवान्याला) त्या विषयाचे १२ सेमिस्टर युनिट लागतात, शिवाय मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव. दर सेमिस्टरला तीन युनिटचा एक कोर्स, अशा गतीने १२ युनिट दोन वर्षांत होतात. प्रॅक्टिकमसाठी (प्रत्यक्ष मुलांच्या वर्गातल्या सरावासाठी) दिवसाचे तास आणि टीबी टेस्ट लागते. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांकडे रक्ताची टेस्ट मागा, आणि टर्म सुरू व्हायच्या महिनाभर आधी मागा.

यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर करायची असेल तर उलटं मोजा. प्रवेशाच्या आदल्या वर्षी १ ते ३० सप्टेंबर टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, म्हणजे प्रवेशाची हमी) अर्ज, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुख्य अर्ज, आणि पुढच्या स्प्रिंगअखेर ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट पूर्ण. टॅगची हमी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसना आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत.

शेवटचं काम भारताशी जोडलेलं आहे. तुमची तिकडची पदवी इथे धरली जावी, कॅल्क्युलससारखा कोर्स पुन्हा करावा लागू नये, तर तिकडच्या शिक्षणाचं इव्हॅल्युएशन लागतं, आणि त्याला विद्यापीठाचं सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतं. मुंबई असो, पुणे असो, नागपूर असो, त्याला वेळ जातोच. डिसेंबरात जाणार असाल तर अर्ज ऑक्टोबरमध्येच टाका, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती सोबत ठेवा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रतही. मग परत आल्यावर कौन्सेलरची वेळ फेब्रुवारीच्या मध्यावर घ्या. टर्मच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्याकडे रांग असते, मध्यावर अर्धा तास निवांत मिळतो.