फुफ्फुसातली गाठ कोणत्या कुळातली?

नमस्कार श्रोतेहो.

समजा, एका बाईंच्या स्तनाच्या कॅन्सरवर सहा वर्षांपूर्वी उपचार झाले. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. आणि आता स्कॅनमध्ये फुफ्फुसात एक गाठ दिसली. रिपोर्ट हातात पडला की घरात एकच शब्द उमटतो, 'पसरला'. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आजार ओळखणं हे माझं काम, आणि आज मला या शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो फार घाईनं उच्चारला जातो. कधी नातेवाईक बोलतात, कधी आम्ही डॉक्टरही.

स्तनाच्या गाठीतल्या पेशी रक्तातून फुफ्फुसात जाऊन वाढल्या, तर त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणत नाहीत. तो फुफ्फुसात वाढणारा स्तनाचाच कॅन्सर. मुक्काम बदलला, कूळ तेच राहिलं. पण फुफ्फुसाच्या स्वतःच्या पेशी बिघडून तिथेच नवी गाठ जन्मली असेल, तर तो दुसरा, स्वतंत्र कॅन्सर. आणि तिसरी शक्यताही असते. ती गाठ कॅन्सरची नसेलच, क्षयरोगाची जुनी खूण असेल.

हा फरक कागदापुरता नाही. पसरलेल्या कॅन्सरला बहुतेक वेळा संपूर्ण शरीरावर काम करणारी औषधं लागतात. नवी, लहान, एकाच जागी असलेली गाठ मात्र ऑपरेशननं कायमची बरी होऊ शकते. चुकीचं नाव पडलं तर ही संधी हातची जाते.

स्कॅन इशारे देतं. दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेल्या, गुळगुळीत कडेच्या अनेक गोल गाठी बहुधा बाहेरून आलेल्या असतात. एकच गाठ, तिच्या कडेतून काटे फुटल्यासारख्या रेषा निघालेल्या, अशी दिसली तर नव्या कॅन्सरचा संशय बळावतो. पण ती पसरलेलीही असू शकते. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर ओढून घेणाऱ्या पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीत, तर दोन्ही प्रकारच्या गाठी उजळतात. म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासावाच लागतो.

1932 साली शील्ड्स वॉरन आणि ऑलिव्ह गेट्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वतंत्र कॅन्सर ठरवण्याचे निकष मांडले. दोन्ही गाठी निश्चितपणे कॅन्सरच्या असाव्यात, दोन्ही वेगवेगळ्या असाव्यात, आणि एक गाठ दुसरीतून पसरून आली असण्याची शक्यता खोडून काढलेली असावी. सगळी मेहनत या तिसऱ्या निकषात आहे. आज तुकड्यावर खास रंगप्रक्रिया करून पेशींतली प्रथिनं शोधता येतात. फुफ्फुसाच्या ग्रंथींतून निघालेल्या कॅन्सरमध्ये बहुधा टीटीएफ-१ सापडतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये जीएटीए-३, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीडीएक्स-२. एकट्या खुणेवर आम्ही निकाल देत नाही, चारपाच खुणा एकत्र पाहतो. पहिल्या गाठीत हार्मोन रिसेप्टर, म्हणजे हार्मोनला पकडणारी प्रथिनं, होते आणि या तुकड्यात नाहीत, एवढ्यावरूनही कॅन्सर नवा ठरत नाही. पसरताना हे रिसेप्टर बदलू शकतात.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच असतो. घशाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या फुफ्फुसात त्याच चपट्या पेशींची गाठ येते. तंबाखूच्या धुरानं घसा आणि फुफ्फुस दोन्ही वर्षानुवर्षं भाजलेले असतात, त्यामुळे नवा कॅन्सर अगदी शक्य असतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पेशी जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, रंगांच्या खुणाही सारख्याच येतात. अशा वेळी दोन्ही तुकड्यांतल्या डीएनएमधले बिघाड शेजारी ठेवून पाहतात. बरेचसे बिघाड तेच असतील तर कूळ एक, एकही जुळत नसेल तर बहुधा वेगळं. तरीही काही निकाल 'सांगता येत नाही' असेच राहतात. ते तसंच लिहून द्यायला धैर्य लागतं, आणि ते लिहायला हवं.

या तुलनेसाठी जुना तुकडा हवा. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तो मेणाच्या छोट्या वडीत बसवून लॅबनं ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि तो बरीच वर्षं टिकतो. रिपोर्टचा कागद सगळे जपतात, ब्लॉक मात्र कुणाला आठवत नाही. नव्या बायोप्सीच्या वेळी तो मागवायला सांगा. आणि फॉर्मवर जुन्या आजाराचं नाव लिहिलंय का, ते पाहा. आमच्यापर्यंत पुष्कळदा 'फुफ्फुसातली गाठ' एवढे दोनच शब्द येतात. स्तनाच्या खुणा शोधायला हव्यात, हे मग आम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं.